लाईट कट होणार असा मेसेज आला आणि खातं रिकामं झालं: आता काय करायचं, एकेक पायरी

तुमचे किंवा घरातल्या कुणाचे पैसे आत्ताच, म्हणजे गेल्या एक-दोन तासात गेले असतील तर हे वाचत बसू नका, १९३० ला फोन लावा, लागेपर्यंत लावत रहा, आणि मग परत या. बाकीच्यांनी सावकाश वाचा.

आमच्या घरी काय झालं ते आधी सांगते, म्हणजे मी हे कुठून शिकले ते कळेल. बाबा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले शिक्षक, कराडला असतात, मी नोकरीमुळे पुण्यात. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांना मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कट होणार, ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी संपर्क करा, आणि खाली एक साधा मोबाईल नंबर. बाबांनी बिल भरलेलं होतं. पण मास्तर माणूस, म्हणाले भरलंय ते सांगून टाकू, म्हणून फोन लावला. पलीकडचा अगदी नम्र, सर सर करत बोलणारा. म्हणाला तुमचं पेमेंट आलंय सर पण सिस्टीमला दिसत नाही, व्हॉट्सॲपवर एक ॲप पाठवतो, त्यातून फक्त दहा रुपये भरा की अपडेट होईल. बाबांनी कार्डाचा नंबर टाकला, दहा रुपये काही गेले नाहीत, स्क्रीन गोल गोल फिरत राहिली. ६:५२ ला २४,९९९ गेले आणि तीन मिनिटांनी ४९,०००.

मला कळलं कारण बँकेचे ईमेल माझ्या फोनवर येतात. मी बसमधून फोन केला तर बाबा म्हणाले, "काही नाही गं, बिल भरत होतो." आवाज पडलेला. मग दादा घरी आला आणि सुरू झालं, तुम्हाला किती वेळा सांगितलं, आई रडतेय, बाबा गप्प, आणि हे चालू असताना, सगळे त्याच खोलीत असताना, ७:३२ ला आणखी १९,५०० गेले. १९३० ला आमचा फोन लागला ७:५० ला.

आता हिशोब बघा. एकूण गेले ९३,४९९. शेवटचे १९,५०० अठरा मिनिटांपूर्वी गेले होते, ते पूर्णच्या पूर्ण अडवले गेले. ४९,००० मधले ११,५०० सापडले. पहिले २४,९९९ गेले ते गेलेच, तासाभरात ते तीन-चार खात्यांतून फिरून कुठेतरी एटीएममधून निघाले होते. म्हणजे आम्हाला जे ३१,००० परत मिळाले ते निव्वळ घड्याळामुळे, आणि जे बुडाले त्यातले बरेचसे आमच्या घरातल्या भांडणात बुडाले.

१. भांडण नंतर करा, आधी तो फोन बंद पाडा

ज्या फोनवर ॲप टाकलंय त्याचं इंटरनेट बंद करा, फ्लाईट मोडच टाका. सिम काढा आणि साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, कारण अशी ॲप्स तुमचे एसएमएस परस्पर पुढे पाठवतात, ओटीपी तुम्ही कुणाला सांगायची गरजच नसते. आमच्या बाबांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता, हे ते आजही ठासून सांगतात आणि ते खरंच आहे.

ॲप लगेच डिलीट करू नका, तो पुरावा आहे. दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचे, चॅटचे, त्या नंबरचे फोटो काढून ठेवा. आणि ज्याच्याकडून चूक झालीय त्याला त्या वेळी एक शब्द बोलू नका. माया वगैरे सोडा, कामासाठी सांगतेय, कारण घाबरलेला माणूस अर्धी माहिती लपवतो, आणि तुम्हाला पुढच्या दहा मिनिटांत सगळी माहिती हवी असते.

२. १९३०

हा केंद्र सरकारचा हेल्पलाईन नंबर आहे, पूर्वी तो १५५२६० होता आणि तो जुना नंबर अजून व्हॉट्सॲपवर फिरतोय, त्यात वेळ घालवू नका. दुसऱ्या फोनवरून लावा, दोन-तीन जणांनी एकदम लावा, लाईन बिझी लागते.

ते विचारतात ते असं: नाव, मोबाईल नंबर, कुठली बँक, खातं किंवा कार्ड नंबर, किती वाजता किती गेले, आणि व्यवहाराचा नंबर. हा व्यवहार नंबर म्हणजे यूटीआर, यूपीआयमध्ये तो १२ आकडी असतो, ॲपच्या हिस्टरीत किंवा बँकेच्या मेसेजमध्ये सापडतो. तो सापडत नसेल तर फोन करायला थांबू नका, आहे तेवढं सांगा. पिन, ओटीपी, सीव्हीव्ही ते विचारत नाहीत, कुणी विचारला तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी बोलताय.

तुमची तक्रार लगेच तुमच्या बँकेकडे जाते, तिथून पैसे ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेले त्यांच्याकडे, तिथून पुढे गेले असतील तर त्याच्या पुढच्याकडे. ज्या खात्यात जे शिल्लक सापडेल ते तिथेच अडकवलं जातं. म्हणजे पैशांच्या मागे मागे तक्रार पळते. म्हणून मिनिटांचा प्रश्न आहे. फोन झाला की पोच नंबराचा एसएमएस येतो, तो जपून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच मागतात.

३. बँक, पण नंबर गुगलवर शोधून नाही

कार्डाच्या मागच्या बाजूला किंवा पासबुकवर छापलेला नंबर लावा. गुगलवर "अमुक बँक कस्टमर केअर" टाकून जो पहिला नंबर दिसतो तो खोटा असू शकतो, हा स्वतःच एक मोठा धंदा आहे. कार्ड ब्लॉक, नेट बँकिंग ब्लॉक, यूपीआय बंद, तिन्ही सांगा. नुसतं कार्ड ब्लॉक करा म्हणालात तर ते नुसतं कार्डच ब्लॉक करतात. तक्रार नंबर मागून घ्या आणि वेळ लिहून ठेवा. वेळ का ते सातव्या पायरीत येईल.

४. पोर्टलवर पूर्ण तक्रार, २४ तासांच्या आत

सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन, हे सरकारचं तक्रारीचं पोर्टल. फोनवर तक्रार झाली तरी इथे ती पूर्ण भरावी लागते. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि त्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. मी बिचारी सगळं नीट लिहून स्टार, हॅश, उद्गारचिन्हं टाकून बसले होते आणि फॉर्म पुढेच जाईना, पाऊण तास गेला, शेवटी कळलं की चिन्हं काढायची. आधी नोटपॅडमध्ये साधं लिहून ठेवा आणि मग चिकटवा. प्रत्येक व्यवहाराची रक्कम, तारीख, यूटीआर वेगवेगळा भरा, एकत्र बेरीज नको.

५. पोलीस ठाणं

ऑनलाईन तक्रार झाली म्हणजे एफआयआर झाला असं नसतं. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तोवर मी निवांत होते. जवळच्या ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जावं लागतं. सोबत हे न्या, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स:

- १९३० च्या पोच नंबराचा एसएमएस आणि पोर्टलवरच्या तक्रारीची प्रिंट
- बँक स्टेटमेंट, शाखेचा शिक्का मारलेलं, गेलेल्या रकमांवर पेनाने खूण करून
- आधार आणि पासबुकचं पहिलं पान
- मेसेज, कॉल लॉग, चॅट यांच्या रंगीत प्रिंट, ज्यात समोरचा नंबर स्पष्ट दिसतो
- घटना काय झाली त्याचं एक पान, वेळेनुसार, साध्या मराठीत, खाली सही
- ज्याचं खातं आहे तो माणूस स्वतः, मुलगा-मुलगी एकटे गेलात तर परत पाठवतात

ठाणे अंमलदार म्हणतील तुमचं हद्दीत येत नाही. शांतपणे सांगा की झीरो एफआयआर घ्या, नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी फिर्याद घ्यायची तरतूद आहे. आवाज चढवून काही होत नाही, कलम सांगितलं की थोडं होतं. आम्हाला तीन चकरा पडल्या.

६. आता फोन साफ करा

पुरावे काढून झाले, पोलिसांनी फोन बघितला, की मगच. ॲप अनइन्स्टॉल होत नसेल, बटण राखाडी दिसत असेल, तर सेटिंगमध्ये डिव्हाईस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन ठिकाणी जाऊन त्याची परवानगी काढा, मग जातं. मी म्हणते तरीही फॅक्टरी रिसेटच मारा, फोटो आधी दुसरीकडे घेऊन. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाईसेस उघडून अनोळखी काही असेल तर काढा.

आणि ##००२# डायल करा, त्याने सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. काही ठगांची पद्धत अशी की कुरिअरवाला बनून तुम्हाला *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला लावतात, तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात आणि ओटीपी फोनवर ऐकून घेतात.

७. बँकेला लेखी अर्ज

इथे खरी लढाई आहे. शाखेत गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं, "ओटीपी तुम्हीच दिला असणार, आमच्या हातात काही नाही." त्यांच्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारलेली प्रत घ्या.

ग्राहकाची जबाबदारी किती यावर रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. साध्या भाषेत: चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना तुमची, मधल्याच कुणाची, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तरी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठराविक रकमेपर्यंत तुमच्यावर. पण तुम्ही स्वतः पिन-पासवर्ड देऊन बसला असाल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ती वेळ लिहून ठेवायची. माझ्या ओळखीत एकांचं कार्ड कळवूनही अर्धा तास चालू राहिलं आणि तेवढी रक्कम बँकेने भरून दिली, कारण त्या ग्राहकाकडे फोनची वेळ लिहिलेली होती.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही, वकील नाही. माहिती हवी असेल तर १४४४८ हा त्यांचा नंबर. आमच्या केसमध्ये लोकपालांकडून फारसं हाती लागलं नाही, बाबांनी कार्डाची माहिती स्वतः टाकली होती हे नाकारता येत नव्हतं. पण तक्रार गेल्यावर बँकेचा सूर एकदम बदलला एवढं खरं.

८. अडकवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत

हे कुणी सांगतच नाही. पोर्टलवर होल्ड दिसलं की लोकांना वाटतं आता आले. ते पैसे कुणाच्या तरी खात्यात अडकून पडलेले असतात आणि आमच्या वेळी ते सुटायला कोर्टाचा आदेश लागला. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज, सुरक्षा संहितेचं कलम ५०३, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४५७. मग कोर्ट पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं, तो वेळेवर गेला पाहिजे म्हणून तपास अधिकाऱ्यांच्या मागे लागावं लागतं, बँकेचं होल्डचं पत्र लागतं. आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत घेऊन तो पैसे अडकलेल्या बँकेला पोचवायचा. काही ठिकाणी लोकअदालतीतही अशी प्रकरणं निघतात, ठाण्यात विचारून ठेवा. आमचे ३१,००० आठ महिन्यांनी आले.

या काळात एक फोन नक्की येईल: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे रिकव्हर झालेत, प्रोसेसिंग फी भरा." ठगांकडे फसलेल्यांच्या याद्या असतात. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळवायला उतावीळ असतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बाबांना असे दोन फोन आले.

९. बाकीचे नमुने, ओळखून ठेवा

लोक म्हणतात शिकलेला माणूस कसा फसतो. अहो शिकलेलाच फसतो, कारण तो उत्तर द्यायला जातो, खुलासा करायला जातो, बाबांसारखा. या सगळ्यांची युक्ती एकच, तुम्हाला फोन ठेवू द्यायचा नाही.

याचा कळस म्हणजे डिजिटल अरेस्ट. आधी कुरिअर कंपनीचा फोन, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, मग तो फोन "मुंबई पोलिसांना" जोडला जातो, मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभ, कधी खोटं कोर्टसुद्धा. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, नाहीतर तेही आरोपी होतील. आणि मग "तपासणीसाठी" सगळ्या एफडी मोडून सरकारी खात्यात टाका, निर्दोष ठरलात की परत. माणसं दिवसच्या दिवस स्वतःच्याच घरात कैद होऊन बसतात. डिजिटल अरेस्ट असा प्रकार भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही, पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्येही हे सांगितलं. पोलीस, सीबीआय, ईडी, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही की पैसे ठेवून घेत नाही. घरातलं कुणी दार लावून तासन् तास कुणाशी तरी हळू आवाजात बोलतंय असं दिसलं तर दार वाजवा, सरळ आत जा.

लाईटबिलाचं सोपं आहे. महावितरणचा मेसेज १० आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल असं येतं. आणि मेसेज खरा वाटला तरी त्यातला नंबर लावू नका, बिलावर छापलेला लावा.

यूपीआयचं एकच लक्षात ठेवा, पिन टाकला की पैसे जातात किंवा बॅलन्स दिसतो, पिन टाकून पैसे येत नाहीत. जुनं सोफा-कपाट विकायला काढलं की "मी आर्मीत आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणणारा भेटतोच. माणसामाणसातली पैसे मागण्याची रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण क्यूआर आहेतच.

"चुकून तुम्हाला पाच हजार आले, परत करा ना काकू" यात आलेला मेसेज बँकेसारखा दिसतो पण असतो साध्या नंबरवरून. बॅलन्स बघा. खरंच आले असतील तर बँकेला सांगा, स्वतः परत पाठवू नका.

टेलिग्रामवर हॉटेलला रेटिंग द्या आणि दीडशे मिळवा, हे पहिले दीडशे खरंच मिळतात, तेच आमिष. शेअरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नफा फक्त त्यांच्या ॲपच्या स्क्रीनवर असतो, काढायला गेलात की आधी टॅक्स भरा म्हणतात.

लाडकी बहीणच्या केवायसीच्या नावाने खोट्या साईट निघाल्या होत्या, पत्त्याच्या शेवटी महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन नसेल तर आधार टाकू नका. लग्नपत्रिका आणि आरटीओचं चलन व्हॉट्सॲपवर एपीके फाईल, म्हणजे ॲप टाकायची फाईल, म्हणून येत नाही. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ, बस्स.

पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन आला, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाची तक्रारीची सोय आहे, तिथे नंबर टाकता येतो. तिथेच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. बाबांच्या नावावर एक अनोळखी निघालं, तिथूनच ते बंद करायला टाकलं.

१०. आईवडिलांच्या फोनमध्ये एका रविवारी करायच्या गोष्टी

अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकायची परवानगी सेटिंगमध्ये बंद करा, व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर, तिन्हींची वेगवेगळी असते. कार्डाचे ऑनलाईन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवा किंवा मर्यादा दोन हजारावर आणा, लागेल तेव्हा वाढवता येते. बँकेच्या ईमेलला तुमचा पत्ता द्या, आमच्याकडे तेवढ्यानेच निम्मं काम केलं, कारण ॲपने एसएमएस लपवले होते, ईमेल नाही.

आणि पेन्शनचं खातं वेगळं, यूपीआयचं वेगळं. यूपीआयच्या खात्यात चार-पाच हजारच ठेवायचे, भाजी, दूध, रिचार्ज त्यातून. बाबा आधी नाही म्हणाले, दोन पासबुकं कोण सांभाळणार, मग आई म्हणाली मी सांभाळते. नवीन खात्याला आधार, पॅन आणि दोन फोटो लागले, त्यांना स्वतःला न्यावं लागतं सहीसाठी, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनची रांग असते.